पडायचं कसं, हे शिकलेली बाई

पट्ट्यावरून चॉकलेटं येतात आणि दोन बायका ती कागदात गुंडाळून पुढे सोडतात. एवढंच काम. एक जरी चॉकलेट कागदाविना पुढच्या खोलीत गेलं तर नोकरी गेली, अशी तंबी मुकादमीण देऊन गेलेली. सुरुवातीला पट्टा संथ असतो, दोघी ऐटीत असतात. मग वेग वाढतो. एक चॉकलेट सुटतं, ते तोंडात जातं. मग आणखी दोन. मग टोपीत, मग ब्लाउजमध्ये. मुकादमीण परत येते, रिकामा पट्टा बघून खूश होते आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते, सोडा आणखी जोरात!

हा प्रवेश अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १५ सप्टेंबर १९५२ रोजी दिसला. मालिका ‘आय लव्ह लूसी’, भागाचं नाव ‘जॉब स्विचिंग’. दोघींपैकी गाल फुगवून डोळे वटारणारी ती ल्यूसिल बॉल. तेव्हा तिचं वय ४१. आपल्याकडे त्या वेळी टीव्ही नव्हताच. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू व्हायला १९५९ उजाडलं आणि मुंबईत दूरदर्शन यायला १९७२. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांना ही बाई माहीत असण्याचं कारण नाही. मलाही ती फार उशिरा भेटली, नाटकाच्या दौऱ्यात कुणीतरी दिलेल्या सीडीवर.

मी आयुष्यभर फार्स केले. चुकीचं दार उघडायचं, चुकीच्या माणसाला नवरा समजायचं, पलंगाखाली लपायचं आणि नेमक्या वेळी शिंकायचं. त्यामुळे असा प्रवेश पाहताना माझं लक्ष चेहऱ्याआधी हातांकडे जातं. लूसीचे हात पहिली काही चॉकलेटं अगदी व्यवस्थित गुंडाळतात. इथेच कळतं की बाई काम शिकून आली आहे. काम नीट होताना प्रेक्षकाला आधी दिसलं पाहिजे, तरच ते बिघडलं की त्याला हसू येतं. आमच्याकडे नवी मुलं पहिल्या क्षणापासून गोंधळ घालायला लागतात आणि मग हशा का येत नाही म्हणून विंगेत विचारतात. याच भागात आधी लूसी चॉकलेट बुडवायला बसते. तिच्या शेजारी बसलेली बाई नटी नव्हती, खरोखर चॉकलेट बनवणारी कारागीर होती. माशी मारायच्या नादात लूसी तिला थप्पड देते, ती उलट थप्पड देते. ती उलटी थप्पड चांगली सणसणीत, खरी बसलेली आहे.

ल्यूसिल बॉलविषयी दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, ती जन्मजात विनोदी होती. दोन, ती पडद्यावर धमाल करायची आणि धंदा नवरा सांभाळायचा. यातली पहिली गोष्ट खोटी आहे आणि दुसरी अर्धी खरी.

६ ऑगस्ट १९११ ला न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या छोट्या गावात ती जन्मली. वडील टेलिफोनच्या तारा टाकायचे. ती साडेतीन वर्षांची असताना विषमज्वराने गेले. पुढे आई, धाकटा भाऊ आणि ती शेजारच्या सेलोरॉन गावात आजी-आजोबांकडे राहिली. आजोबा फ्रेड हंट यांना खेळतमाशांचा शौक होता. गाणी, नकला, कसरती, जादू असे व्होडव्हिलचे खेळ दाखवायला ते नातवंडांना घेऊन जायचे. याच आजोबांवर १९२७ मध्ये एक बालंट आलं. नातवाला दिलेल्या बंदुकीने परसात नेम धरण्याचा खेळ चालला होता. पाहुणी आलेल्या एका मुलीच्या हातून गोळी सुटली आणि शेजारचा मुलगा कायमचा अधू झाला. कोर्टकचेरीत राहतं घर गेलं. लूसी तेव्हा १५-१६ वर्षांची. पुढे स्वतःच्या मालकीची प्रत्येक वस्तू घट्ट धरून ठेवण्याची तिची सवय मला इथूनच आलेली वाटते, पण हा माझा अंदाज.

त्याआधी आईने तिला न्यूयॉर्क शहरातल्या एका नाट्यशाळेत घातलं होतं. त्याच शाळेत पुढे नामांकित नटी झालेली बेटी डेव्हिस शिकत होती आणि ती शिक्षकांची लाडकी. लूसीचा आवाज फुटेना, पाय हलेनात. या मुलीवर पैसे वाया घालवू नका, असं शाळेने आईला कळवलं. मग ती मॉडेल झाली, हॅटी कार्नेगी या नावाजलेल्या कपडेवालीकडे. १९३३ मध्ये हॉलिवूडला ‘रोमन स्कँडल्स’ चित्रपटात घोळक्यात उभं राहायला सुंदर मुली हव्या होत्या, त्यात तिची वर्णी लागली. भूमिकेसाठी भुवया काढल्या त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. जन्मभर पेन्सिलीने काढत राहिली. बाकीच्या सुंदऱ्या ज्याला नाक मुरडत, ते चेहऱ्यावर चिखल लावून घेण्याचं काम तिने आपणहून मागून घेतलं, असं सांगतात.

यावर जरा थांबते, कारण आमच्याकडेही हा प्रश्न कधी सुटला नाही. नायिकेने पडायचं नाही. पडायचं नोकराने, फार तर मोलकरणीने. देखणी बाई तोंडाला पीठ फासून घेते तेव्हा प्रेक्षक क्षणभर बिचकतो, हसावं की हळहळावं ते त्याला कळत नाही. ती बिचक घालवायला नटीने स्वतः त्यात मजा घेतलेली दिसावी लागते. लूसीला ते साधलं. आपण विनोदी नाही, आपल्यात धाडस आहे, असं ती स्वतःबद्दल म्हणायची. मला ते विनय म्हणून केलेलं विधान वाटत नाही. ते कामाचं वर्णन आहे.

हॉलिवूडमध्ये मात्र पुढची पंधरा वर्षं तिचं काय करायचं ते कुणालाच कळलं नाही. आरकेओ स्टुडिओत ती करारावर होती. ‘स्टेज डोअर’मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्स यांच्या बरोबरीने दिसली, पण बहुतेक चित्रपट कमी खर्चाचे, जोडीने दाखवायचे. मग एमजीएममध्ये गेली. तिथे तिचे मूळचे तपकिरी केस तांबडे रंगवले गेले. (गंमत बघा, ‘आय लव्ह लूसी’ पूर्ण कृष्णधवल. केसांचा रंग पडद्यावर कधीच दिसला नाही, तरी अख्ख्या देशाला ती तांबड्या केसांचीच ठाऊक होती.) एमजीएममध्ये तिला एक मोठा लाभ झाला. मूकपटांचा बादशहा बस्टर कीटन तेव्हा पडत्या काळात तिथे किरकोळ कामावर होता. त्याने तिच्यातली विनोदी नटी ओळखली आणि तिला वस्तूंशी वागायला शिकवलं. छत्री, टोपी, खुर्ची, शिडी. नाटकात आम्ही या सगळ्याला प्रॉपर्टी म्हणतो. चांगला नट प्रॉपर्टी आधी स्वतः तपासतो, वाईट नट प्रॉपर्टीवाल्याला शिव्या देतो. लूसी पहिल्या जातीतली.

दुसरी शाळा रेडिओची. १९४८ पासून ‘माय फेव्हरिट हजबंड’ या श्रुतिका-मालिकेत ती काम करायची. स्टुडिओत समोर प्रेक्षक असत. ती कागदात डोकं घालून वाचायची. लेखक-निर्माता जेस ऑपनहायमरने तिला विनोदवीर जॅक बेनीच्या कार्यक्रमाची तिकिटं दिली आणि सांगितलं, हा माणूस प्रेक्षकांशी काय करतो ते बघून ये. ती बघून आली आणि माइकसमोर हातवारे, तोंडं वेडीवाकडी करू लागली. घरी ऐकणाऱ्याला अर्थातच काही दिसत नव्हतं. पण समोरचे लोक हसत होते आणि तो हशा रेडिओवरून जात होता.

हीच मालिका टीव्हीवर करू या, असं सीबीएसने सुचवलं. लूसीची अट एकच, पडद्यावरचा नवरा माझा खराच नवरा हवा. देसी अर्नाझ क्यूबाचा, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, वाद्यवृंद चालवणारा. १९४० मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं होतं. तो सतत दौऱ्यावर, ती सतत स्टुडिओत. १९४४ मध्ये प्रकरण घटस्फोटाच्या अर्जापर्यंत जाऊन परत फिरलं होतं. एकत्र काम मिळालं तर संसार टिकेल, हे तिचं सरळ गणित. वाहिनीचे साहेब म्हणाले, असला परदेशी उच्चाराचा नवरा लोकांना पटणार नाही. त्यावर १९५० मध्ये दोघांनी मिळून एक खेळ बसवला आणि गावोगाव प्रयोग लावले. लोक हसले. साहेब गप्प झाले.

पुढचा पेच जागेचा होता. तेव्हाचा अमेरिकन टीव्ही बहुतांशी न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होई. लांबच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्याचंच चित्रीकरण करून त्याच्या प्रती पाठवत. त्या धूसर, गढूळ दिसायच्या. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिला आपला माल न्यूयॉर्कच्या बाजूला स्वच्छ दिसायला हवा होता. लूसी-देसीला लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. मार्ग निघाला तो असा : सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करायचं, म्हणजे सगळ्या देशाला सारखंच स्वच्छ चित्र. खर्च वाढणार होता. दोघांनी मानधनात कपात सोसली आणि बदल्यात मागितलं की त्या फिल्मची मालकी आमची. वाहिनीने चटकन मान्य केलं. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा तो काळ होता.

पण लूसी समोर प्रेक्षक असल्याशिवाय खुलत नसे, हे ऑपनहायमरला पक्कं माहीत. सिनेमात एक शॉट घेतला की दिवे हलवतात, कॅमेरा हलवतात, मग पुढचा. त्यात प्रेक्षक बसवले तर ते झोपतील. म्हणून सलग नाटकासारखा प्रयोग करायचा आणि तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपायचा असं ठरलं. एक कॅमेरा पूर्ण रंगमंचावर, दोन जवळून. तिन्ही बाजूंनी चालेल अशी प्रकाशयोजना करायला त्यांनी कार्ल फ्रॉइंडला गाठलं. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ चित्रित केलेला, ऑस्कर मिळवलेला हा माणूस. त्याने दिवे वर टांगले आणि सावल्या अशा मारल्या की नट कुठेही फिरो, चेहरा उजळच राहील. बरेच कॅमेरे आणि समोर प्रेक्षक हे प्रयोग आधीही कुणी कुणी केले होते. पण विनोदी मालिकेचा पुढच्या कित्येक दशकांचा साचा पडला तो इथे. पहिल्या भागाचं चित्रीकरण सप्टेंबर १९५१ मध्ये झालं तेव्हा लूसीची मुलगी दोन महिन्यांचीही नव्हती. १५ ऑक्टोबरला मालिका सुरू झाली.

प्रेक्षकांत लूसीची आई नेहमी बसायची. लेक संकटात सापडणार असं दिसलं की तिच्या तोंडून काळजीचा एक हुंकार निघायचा आणि तो ध्वनिफितीत पकडला जायचा. तो ऐकायला मला फार आवडतं.

आता तालमीविषयी. सुरुवातीला लेखक तिघं : ऑपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल. अंगविक्षेपाचे प्रवेश ते संहितेत मोठ्या अक्षरांत, एकेक हालचाल फोडून लिहायचे. बाईमाणसाला हे जमेल की नाही हे बघायला मॅडलिन प्यू ते आधी स्वतः करून पाहायची. लूसी ते जसंच्या तसं उचलायची आणि घासून घासून बसवायची. उत्स्फूर्त वाटणाऱ्या तिच्या बहुतेक जागा लिहिलेल्या आहेत. १९५५ मध्ये विनोदी नट हार्पो मार्क्सबरोबर तिने आरशाचा प्रवेश केला. समोर आरसा आहे असं भासवत दोघं एकमेकांची नक्कल करतात. इतक्या तालमींची हार्पोला सवय नव्हती. ती त्याला पुन्हा पुन्हा करायला लावत राहिली.

माझ्या मते तिचं सर्वांत अवघड काम मात्र चॉकलेटचं नाही. मे १९५२ मधल्या एका भागात ती टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी एका टॉनिकची तालीम करते. नाव ‘व्हिटामीटाव्हेजमिन’. त्यात २३ टक्के मद्यार्क आहे हे तिला माहीत नाही. दर तालमीला एक चमचा घ्यायचा आणि तेच भाषण म्हणायचं. पहिल्या चमच्याला चव इतकी घाण की हसरा चेहरा टिकवताना तिचे स्नायू एकेक करून फितूर होतात. पुढे चव आवडायला लागते. मग जीभ जड, मग शब्द उलटेपालटे. झिंगलेल्या माणसाचं काम करणं सोपं, कुणीही करतं. झिंग पायरीपायरीने चढवणं महाकठीण. एक पायरी घाईने चढलात की पुढे जायला जागाच उरत नाही. शिवाय दारुडा कधी झोकांड्या खाण्याचा अभिनय करत नाही, तो सरळ उभं राहायचा प्रयत्न करत असतो. लूसी शेवटपर्यंत भाषण बरोबर म्हणायचाच प्रयत्न करते. शब्दांचा घोळ इतका बेतलेला होता की तो विसरू नये म्हणून संहिता घेऊन एक माणूस तिला दिसेल असा कॅमेऱ्याजवळ उभा ठेवला होता. चमच्यात होतं सफरचंदापासून काढलेलं घट्ट पेक्टिन.

शेजाऱ्यांच्या भूमिकेत व्हिव्हियन व्हॅन्स आणि विल्यम फ्रॉली. पडद्यावर नवरा-बायको, प्रत्यक्षात एकमेकांचं तोंड बघायला नाराज. तो तिच्यापेक्षा २२ वर्षांनी मोठा होता आणि ते तिला झोंबायचं. व्हॅन्सशिवाय लूसी अर्धी झाली असती. वेडेपणा करणाऱ्याच्या शेजारी त्या वेडेपणावर विश्वास ठेवणारं कुणीतरी उभं असावं लागतं.

१९५२ मध्ये लूसीला पुन्हा दिवस गेले. मालिका थांबवण्याऐवजी ते कथेतच घ्यायचं ठरलं. पडद्यावर ‘गरोदर’ म्हणायला बंदी होती, आणि संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बी असे तिघे तपासून देत. १९ जानेवारी १९५३ ला पडद्यावरच्या लूसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी सिझेरियनने खऱ्या लूसीलाही. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता. त्याला इतके प्रेक्षक मिळाले नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक बातमी फुटली की १९३६ मध्ये तिने कम्युनिस्ट मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं. त्या काळी एवढ्यावर लोकांची आयुष्यं उठत होती. समाजवादी विचारांच्या आजोबांना बरं वाटावं म्हणून सही केली, असं तिने कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या चौकशी समितीला सांगितलं होतं. देसीने चित्रीकरणाआधी प्रेक्षकांसमोर उभं राहून बायकोची बाजू मांडली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रकरण निवळलं. प्रायोजकही हलला नाही. लोकप्रियता कमी असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

त्यांच्या कंपनीचं नाव डेसिलू, दोघांची नावं जोडून. फिल्मची मालकी हाती असल्याने जुने भाग पुन्हा दाखवता येतात हे लक्षात आलं आणि त्यात पैसा आहे हेही. सगळे भाग वाहिनीला काही दशलक्ष डॉलरला विकून १९५७ मध्ये त्यांनी एक स्टुडिओ विकत घेतला. तो होता आरकेओ. एकेकाळी जिथे ती करारावरची दुय्यम नटी होती, तिथली ती मालकीण झाली. ही बुद्धी बरीचशी देसीची, हे कबूल करायलाच हवं. पण त्याचं पिणं आणि बाहेरख्यालीपणा वाढत गेला. १९६० मध्ये घटस्फोट झाला. ज्या संसारासाठी मालिका केली तो गेला, मालिका राहिली.

धंदा नवरा सांभाळायचा, ही दुसरी गोष्ट अर्धीच खरी म्हणाले ती यासाठी. १९६२ मध्ये तिने देसीचा हिस्सा विकत घेतला आणि डेसिलूची अध्यक्ष झाली. एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ तिच्याआधी कुठल्याही बाईने चालवला नव्हता. हिशेबाच्या बैठका तिला आवडत नसत. तरी ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दोन खर्चिक मालिकांना संचालकांची कुरकुर असताना तिने पाठिंबा दिला. १९६७ मध्ये स्टुडिओ १ कोटी ७० लाख डॉलरला विकला गेला. त्या काळात ती कडक, तुसडी झाल्याचं सहकारी सांगतात. सेटवर दुसऱ्यांचे संवाद सुधारायची, दिग्दर्शकाला दिवे सांगायची. आमच्या धंद्यात पुरुषाने असं केलं की त्याला शिस्तीचा म्हणतात.

‘द लूसी शो’, ‘हिअर्स लूसी’ करत १९७४ पर्यंत ती टीव्हीवर राहिली. १९७२ मध्ये स्कीइंगच्या अपघातात पाय मोडला तर पायाच्या प्लास्टरसकट भाग लिहून घेतले. इथवर ठीक. पण १९८६ मध्ये, पंचाहत्तरीला, ‘लाइफ विथ लूसी’ घेऊन ती परत आली ती चूक होती. तेच शिडीवर चढणं, तेच घसरणं. प्रेक्षक हसण्याऐवजी धसकले. आजीबाई पडतील की काय! आठ भागांत मालिका बंद पडली. मला तिचा राग येत नाही. शरीराने विनोद करणाऱ्या नटीला निवृत्त कधी व्हायचं हे तिचं शरीर सांगत नाही. ते प्रेक्षकांच्या श्वासावरून ओळखावं लागतं, आणि घरात बसलेल्या प्रेक्षकाचा श्वास ऐकू येत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देसी गेला. २६ एप्रिल १९८९ ला लूसी गेली, महारोहिणीच्या विकाराने. त्या दिवशी कॅरल बर्नेट या तिच्या धाकट्या मैत्रिणीचा, दुसऱ्या थोर विनोदी नटीचा, वाढदिवस होता. लूसीने आधीच पाठवायला सांगितलेली फुलं दुपारी तिच्या दारात पोहोचली.

‘आय लव्ह लूसी’चे १८० भाग आहेत, सगळे सारखे चांगले नाहीत आणि सगळे बघायची गरजही नाही. नवऱ्याने बायकोला मांडीवर आडवी घालून मारण्याचे विनोद आज अंगावर येतात, ते तसेच यावेत. १९५६ मधला ‘लूसीज इटालियन मूव्ही’ हा द्राक्षं तुडवण्याचा भाग मिळवा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहा, फक्त पाय आणि खांदे बघा. दुसऱ्यांदा आवाज लावा. घरात अभिनयाची स्वप्नं बघणारी कुणी मुलगी असेल तर तिलाही शेजारी बसवा आणि मध्ये काही समजावून सांगू नका.